बांधावरचे लाकूड जळणाच्या भावाने का जावे?

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड ह्या दोन तालुक्यांत जंगल असे फारसे नाही. वर्षाकाठी पाऊस सुमारे ५०० मि. मी. पडतो. भीमा, घोड व मुळा-मुठा यांच्या काठी आणि कालव्यांच्या पाण्यावर ऊस, व उरलेल्या जिरायत रानात ज्वारी, बाजरी आणि कांदा, अशी येथील शेतीची सर्वसाधारण घडण आहे. तरीही येथे लाकूड नाही असे म्हणता येणार नाही. बांधावर, ओढ्याच्या काठी, विहिरीच्या कडेला व पडीक तुकड्यांत बाभूळ, कडुनिंब, चिंच, सुबाभूळ व नीलगिरी उभी असतात. ही झाडे शेतकऱ्याच्या मालकीची आहेत. परंतु त्यांचा हिशोब मात्र कोणाच्याही वहीत सापडत नाही.

झाड विकावयाची वेळ येते ती बहुधा नडीची असते. व्यापारी बांधावर येतो, झाडाकडे वरखाली पाहतो आणि उक्ता भाव सांगतो. तोडणी त्याची, गाडी त्याची, मापही त्याचेच. ते लाकूड जळणाच्या वखारीत किंवा वीटभट्टीवर जाते. त्याच वर्षी तोच शेतकरी कांदाचाळीसाठी लोखंडी अँगल, घराच्या दारासाठी प्लायवूड आणि गोठ्यासाठी लोखंडी पाइप रोख पैसे मोजून आणतो. घरचे लाकूड जळणाच्या भावाने द्यावे आणि परक्याचे सामान बांधकामाच्या भावाने घ्यावे, हा व्यवहार किती दिवस चालवावयाचा, हा आज विचारात घेण्याजोगा प्रश्न आहे.

जुनी विद्या आणि तिचा ऱ्हास

मागील पिढीला बाभळीची किंमत माहीत होती. नांगर, कुळव, पाभर ही औजारे बाभळीची असत. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, आरे व पाटे यांसाठी बाभळीचे लाकूड पसंत केले जाई, कारण ते कठीण असून धक्का सोसणारे आहे. गावचा सुतार झाड उभे असतानाच त्यातून काय निघेल हे सांगत असे. पुढे लोखंडी नांगर आला, टायरची गाडी आली, ट्रॅक्टर आला. बाभळीचा गुण कमी झाला नाही. तिचे गिऱ्हाईक मात्र गेले. गिऱ्हाईक गेल्यावर सुताराचे कसबही मागे पडले, आणि उत्तम इमारती गुणाचे लाकूड चुलीच्या रांगेत जाऊन बसले.

घरांच्या बाबतीतही असेच घडले. देशावरील जुने घर खणांनी मोजले जाई. खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि सर्वांत वर मातीचे माळवद अशी त्याची रचना असे. हा सांगाडा चांगला असेल तर घराचा भार भिंतीवर न पडता खांबांवर पडे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने ह्या रचनेचे गुण आणि दोष दोन्ही उघडे केले. त्या भूकंपात सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती ढासळल्या आणि त्यांवर टेकलेली जड माळवदे खाली आली. जेथे छत स्वतंत्र लाकडी खांबांवर तोललेले होते, तेथे भिंती पडूनही छत उभे राहिल्याची उदाहरणे पुढील पाहणीत आढळली.

ह्यातून घ्यावयाचा बोध असा की, लाकडाने घर मारले नाही. दगडाच्या सैल भिंतीने आणि मातीच्या ओझ्याने मारले. एक फूट जाडीचे मातीचे माळवद एका चौरस मीटरवर जवळजवळ ५०० किलो भार टाकते. तेच छत हलके केले, खांब-तुळयांचे सांधे पट्ट्या व बोल्ट यांनी पक्के केले आणि सांगाड्यात तिरके आधार दिले, तर लाकडी घर धक्का सहन करण्यास अधिक लायक ठरते. एक घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे २,४०० किलो असते. वाळलेल्या लाकडाचे बहुधा ६०० ते ८०० किलोंच्या दरम्यान असते. इमारत जितकी हलकी, तितका भूकंपाचा तिच्यावरील जोर कमी.

लहान तुकड्यांतून मोठी तुळई

लाकडाच्या वापरात गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जी सुधारणा झाली, तिचे मर्म थोडक्यात सांगता येण्यासारखे आहे. लाकूड हे रेषेच्या दिशेने बळकट आणि आडव्या दिशेने दुबळे असते. शिवाय त्यात गाठी, चिरा व वाक असतात. पूर्वी ह्यावर उपाय एकच होता. तो म्हणजे जुने, जाड व निर्दोष झाड शोधणे. म्हणून सागवानाला मान होता. नव्या पद्धतीत लाकूड प्रथम पातळ कापले जाते, वाळविले जाते, त्यातील दोष काढून टाकले जातात आणि मग ते तुकडे सरसाने दाबून पुन्हा एक केले जातात. दोष एका जागी न राहता विखुरतात, म्हणून तयार झालेली तुळई मूळ झाडापेक्षा अधिक भरवशाची होते.

जर्मनीतील ओट्टो हेट्झर यांनी अशा चिकटविलेल्या तुळईचे एकस्व १९०६ साली मिळविले. १९९० नंतर ऑस्ट्रिया व जर्मनी ह्या देशांत फळ्यांचे थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून भिंती व तक्तपोशीएवढे मोठे पाट तयार होऊ लागले. नॉर्वे देशातील ब्रुमुंडाल ह्या गावी २०१९ साली पूर्ण झालेली लाकडी इमारत १८ मजल्यांची असून तिची उंची ८५ मीटरांहून थोडी अधिक आहे. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात २०२२ साली २५ मजल्यांची, काँक्रीट व लाकूड मिळून केलेली इमारत उभी राहिली. प्लायवूड, चिपांच्या फळ्या व बांबूच्या चटईपासून केलेल्या फळ्या ही सर्व त्याच कुळातील अपत्ये होत. बंगळूर येथे १९६२ साली स्थापन झालेल्या प्लायवूड संशोधन संस्थेने बांबूच्या चटयांपासून नालीदार पत्रे तयार करण्याची रीत बसविली. उसाच्या चिपाडापासून फळ्या करण्याचा उद्योग सोलापूर जिल्ह्यात वेळापूर येथे चालविला गेलेला आहे.

शिरूरच्या किंवा दौंडच्या शेतकऱ्याने अठरा मजल्यांची इमारत बांधावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु ह्या सुधारणेचा त्याच्याशी थेट संबंध आहे. लाकडाची किंमत आता झाडाच्या वयावर आणि जाडीवर पूर्वीइतकी अवलंबून राहिलेली नाही. सहा-आठ वर्षांचे सरळ झाडही कारखान्याला चालते. हरयाणातील यमुनानगरचा प्लायवूड धंदा शेतकऱ्यांनी बांधावर व शेतात वाढविलेल्या पॉप्लर व नीलगिरीवर उभा आहे.

लहान तुकड्यांची हीच युक्ती घराजवळही पाहावयास मिळते. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे आखूड कांबींचे त्रिकोण जोडून अर्धगोल घुमटाचे घर बांधण्याची पद्धत रूढ करण्यात आली. हा सांगाडा लोखंडाचा असतो, ही गोष्ट खरी; पण त्यामागील तत्त्व असे की, त्रिकोणात बांधलेले आखूड तुकडे मधल्या खांबावाचून मोठी जागा झाकू शकतात. बाभळीचा सरळ तुकडा पाच-सहा फुटांपेक्षा लांब क्वचितच मिळतो. लांब तुळई मिळत नाही म्हणून ती निरुपयोगी समजली जाते. आखूड लाकडाच्या त्रिकोणी कैच्या करण्याची रीत गावात आली, तर ही सबब राहणार नाही.

उणीव कोठे आहे?

झाडे लावण्याच्या मोहिमा पुष्कळ झाल्या. त्यांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु आज उणीव झाडांची आहे त्याहून अधिक, झाड पडल्यानंतर करावयाच्या तीन कामांची आहे. मोजणे, वाळविणे आणि टिकाऊ करणे ही ती तीन कामे होत.

मोजण्याचे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. इमारती लाकडाच्या व्यापारात ओंडक्याच्या मध्यभागचा घेर घेऊन त्याचा चौथा हिस्सा काढतात, त्याचा वर्ग करतात आणि त्यास लांबीने गुणतात. मध्याचा घेर ४ फूट व लांबी १० फूट असेल, तर पाव घेर १ फूट, त्याचा वर्ग १, आणि माप १० घनफूट. ह्या रीतीत खरे माप थोडे कमी धरले जाते. प्रत्यक्ष त्या ओंडक्यात सुमारे १२.७ घनफूट लाकूड असते. म्हणजे मापाची रीत आधीच खरेदीदाराच्या बाजूस झुकलेली आहे. जो शेतकरी तेवढेही मोजत नाही व उक्ता सौदा करतो, त्याने किती सोडून दिले ह्याचा अंदाज करणे कठीण नाही. एक दोरी व एक फूटपट्टी एवढ्या सामग्रीवर हे नुकसान थांबविता येते.

वाळविण्याच्या कामात ह्या दोन तालुक्यांची हवाच शेतकऱ्याच्या मदतीस आहे. ओल्या लाकडातील पाणी निघून जाऊ लागले व ओलाव्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांच्या खाली आले की लाकूड आकसू लागते. सर्व बाजूंनी ते सारखे आकसत नाही, म्हणून वाकते व तडकते. घाईने उन्हात टाकलेली फळी फुटते ती यामुळेच. कापलेल्या फळ्या सावलीत, जमिनीपासून फूट-दीड फूट वर, प्रत्येक थरामध्ये एक इंच जाडीच्या आडव्या पट्ट्या देऊन रचाव्यात. टोकांना डांबर लावावे. आणि वर वजन ठेवावे. दिवाळीनंतर रचलेली इंचभर जाडीची फळी उन्हाळ्यापर्यंत बहुधा कामास येते. ह्याला खर्च नाही. धीर मात्र लागतो. बाभळीच्या दाराला भोके पडतात, ते पिळवटते, अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बहुतेक वेळा ओल्या लाकडात असते.

टिकाऊपणाचा प्रश्न बांबूच्या बाबतीत अधिक तीव्र आहे. बांबूत पिष्ठ असते आणि त्यावर पोखरणारा किडा येतो. वद्य पक्षात तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही अशी समजूत आहे. परंतु केवळ तिथीवर विसंबून राहणे योग्य नव्हे. तीन-चार वर्षांचा पक्व बांबू पावसाळा संपल्यावर तोडावा आणि बोरिक आम्ल व बोरॅक्स यांच्या द्रावणात भिजवावा, ही आजची मान्य रीत आहे. हे क्षार पावसात धुपून जातात, म्हणून असा बांबू छपराखालीच वापरावा. उघड्यावर वापरावयाच्या लाकडास दाबाखाली औषध मुरवावे लागते. वणी-वरोरा महामार्गावर २०२३ साली २०० मीटर लांबीचा बांबूचा सुरक्षा-कठडा बसविण्यात आला, तेव्हा त्या बांबूस क्रिओसोट देऊन वरून प्लॅस्टिकचा लेप चढविला होता. संस्कार केलेले लाकूड आणि न केलेले लाकूड ह्यांत तेवढेच अंतर आहे, जेवढे भाजलेल्या आणि कच्च्या विटेत.

आरंभ कांदाचाळीपासून

नवी गोष्ट प्रथम राहत्या घरात आणण्याची घाई नको. ज्या बांधकामात जोखीम कमी व गरज निकडीची आहे, तेथून आरंभ करावा. ह्या दृष्टीने कांदाचाळ सर्वांत योग्य दिसते. ह्याच जिल्ह्यात राजगुरुनगर येथे केंद्र शासनाची कांदा व लसूण संशोधन संस्था आहे. तिच्या शिफारशींचा गाभा असा की, चाळीचा तळ जमिनीपासून उंच असावा, खालून हवा खेळावी, ढिगाची रुंदी चार फुटांच्या व उंची पाच फुटांच्या आसपास ठेवावी. अशा दोन रांगांच्या १२ मीटर लांब चाळीत सुमारे २५ टन कांदा बसतो. म्हणजे तळाच्या एका चौरस मीटरवर साडेआठशे किलोंहून अधिक भार येतो. हा भार फटींच्या तळाला, त्याखालील वाशांना व खांबांना पेलावयाचा असतो.

येथे बाभळीचा गुण पुन्हा उपयोगी पडतो. आखूड अंतरावर घातलेले वाळलेल्या बाभळीचे वासे, त्यांवर संस्कारित बांबूच्या चिरफळ्या, आणि वर कौले किंवा पत्रा व त्यावर उसाचे पाचट, अशी चाळ पुष्कळशी घरच्या मालातून होऊ शकते. लाकूड उन्हाने लोखंडासारखे तापत नाही, हाही लाभच आहे. भाव पडलेला असताना कांदा दोन-तीन महिने ठेवता येणे म्हणजे वर्षाचे उत्पन्न हाती राखणे होय. त्या चाळीचा सांगाडा शेतकऱ्याच्याच बांधावरून आला, तर ती बांधण्यास कर्ज कमी काढावे लागेल. शासनाच्या अनुदानासाठी चाळ बांधावयाची असल्यास मात्र मान्य आराखड्यात कोणते साहित्य चालते, हे आधी कृषी कार्यालयात विचारून घ्यावे. चाळीनंतर शेळ्यांचा गोठा, मग ओसरी, आणि अनुभव आल्यावर घराचे छप्पर, असा क्रम ठेवावा.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

पहिला आक्षेप आगीचा. लाकूड जळते, ह्यात शंका नाही. पण जाड तुळई एकदम जळत नाही. तिच्या बाहेरच्या अंगावर कोळशाचा थर येतो आणि आग मिनिटाला साधारण ०.७ मि. मी. ह्या वेगाने आत शिरते. आतील गाभा तोपर्यंत भार धरून राहतो. उघडे पोलाद सुमारे ५५० अंश सेल्सियसला आपले निम्मे बळ गमावते. पातळ काटक्यांचे छप्पर आणि जाड तुळईचे छप्पर यांस एकाच मापाने मोजू नये. चुलीजवळ व विजेच्या तारांजवळ काळजी ही सर्वच घरांत घ्यावी लागते.

दुसरा आक्षेप वाळवीचा. वाळवी मातीतून चढते. खांब जमिनीत न गाडता दगडाच्या किंवा सिमेंटच्या जोत्यावर दीड-दोन फूट वर बसविला आणि वर चढणारी मातीची नळी दिसताच मोडली, तर वाळवीचा रस्ताच तुटतो. जुन्या वाड्यांतील खांबांखालचा कोरीव दगड केवळ शोभेसाठी नव्हता.

तिसरा आक्षेप झाडाच्या सावलीने पीक मार खाते हा. तो निराधार नाही. म्हणूनच बांधावर वाटेल ते झाड लावणे योग्य होणार नाही. रामकाठी बाभळीचा विस्तार अरुंद व उभा असतो; तिची सावली थोडी पडते आणि शेंगा शेळ्यांस खाद्य होतात. बांबूला पहिली दोन-तीन वर्षे पाणी लागते. तो कालव्याच्या व ओढ्याच्या काठीच शोभतो, जिरायत माळावर नव्हे.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो अनुभवाचा आहे. शेजारच्या उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या संस्थेने सुबाभळीचा प्रसार केला. चाऱ्यासाठी ती उपयोगी पडली. परंतु १९८८ च्या सुमारास देशात तिच्यावर मावा-तुडतुड्यांच्या जातीची कीड पसरली, आणि तिचे बी जेथे नको तेथेही उगवले. १९८० च्या दशकात नाशिक जिल्ह्यात विनायकराव पाटील यांच्या पुढाकाराने नीलगिरी उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहिली. पण त्या दशकाच्या अखेरीस अनेक राज्यांत नीलगिरीच्या खांबांचे भाव उतरले. पॉप्लरचे भावही २००० नंतरच्या काही वर्षांत कोसळले. ह्या तिन्ही ठिकाणी एकच शिकवण मिळते. सर्वांनी एकच झाड, एकाच वेळी, दूरच्या एकाच बाजारासाठी लावले की भाव त्यांच्या हातात राहत नाही. बांधावर चार जातींची झाडे आणि गावातच त्यांचा वापर, हा त्यावरील खरा विमा होय. ज्याचे लाकूड आधी स्वतःच्या चाळीत बसते, त्याला व्यापाऱ्याच्या दारात उभे राहण्याची घाई नसते.

कायदा व सहकार

वृक्षतोडीच्या बाबतीत कायद्याची माहिती असणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रातील १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, खैर, चंदन इत्यादी झाडे आहेत. ती स्वतःच्या शेतातील असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. इतर झाडांच्या बाबतीतही तोडीपूर्वी गावच्या महसूल अधिकाऱ्याकडे व वनखात्याकडे चौकशी करणे शहाणपणाचे ठरेल. बांबूला मात्र १९२७ च्या भारतीय वन कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने, वनाबाहेर वाढविला असल्यास, झाडाच्या व्याख्येतून वगळले आहे.

करवत गिरणीस परवाना लागतो. जंगले राखावयाची तर तो लागलाच पाहिजे. परंतु त्यामुळे एकट्या शेतकऱ्यास गिरणी काढणे शक्य होत नाही. येथे सहकाराची गरज आहे. साखर, दूध यांसाठी संस्था उभारण्याची सवय ह्या तालुक्यांस आहे. चार-पाच गावांनी मिळून एक लाकूड-अंगण करावे: तेथे परवानाधारक गिरणीतून कापून आणलेले लाकूड वाळावे, बांबू भिजविण्याची एक टाकी असावी, आणि दोन सुतारांस कायम काम मिळावे. शासनाकडून अपेक्षा अशी की, रोपे वाटण्याइतकेच लक्ष ह्या अंगणांकडे, सुतारांच्या प्रशिक्षणाकडे आणि कांदाचाळीचा लाकडी व बांबूचा प्रमाणित आराखडा शेतकऱ्याच्या हाती देण्याकडे पुरविले जावे. बांबूच्या बांधकामाची भारतीय मानके तयार आहेत; ती कार्यालयाच्या कपाटातून गावच्या सुताराच्या ओट्यावर आली पाहिजेत, तीही मराठीत.

तोपर्यंत गावपातळीवरील कार्यकर्त्यास एक काम आजच करता येईल. आपल्या गावात ह्या वर्षी बांधावरची किती झाडे विकली गेली, त्यांचा घेर व लांबी किती होती, आणि शेतकऱ्याच्या हाती काय पडले, ह्याची एक साधी नोंदवही त्याने ठेवावी. शेजारच्या रकान्यात त्याच शेतकऱ्यांनी बांधकामासाठी बाहेरून काय विकत आणले, ते लिहावे. वर्षअखेरीस ते दोन रकाने ग्रामसभेपुढे वाचून दाखविले, म्हणजे पुढील चर्चेस निराळ्या प्रस्तावनेची जरुरी राहणार नाही.